बीपीची गोळी डोकेदुखीला कशाला? क्लस्टरच्या प्रतिबंधक औषधांचे त्रास आणि ते कसे सांभाळायचे

क्लस्टर डोकेदुखीचं निदान झालं की न्यूरोलॉजिस्ट बहुतेक वेळा वेरापामिल लिहून देतात. गोळ्या घेऊन माणूस घरी येतो, पाकिटातला कागद उलगडतो किंवा मोबाइलवर शोधतो. तिथे रक्तदाब, छातीतली कळ, हृदयाची अनियमित गती असं सगळं लिहिलेलं असतं आणि डोकेदुखीचा उल्लेखही नसतो. घरातलं कुणीतरी विचारतं, "तुला तर बीपी नाही, मग ही कशाला?" चार दिवसांनी पोट साफ होईनासं होतं, जिना चढताना थकल्यासारखं वाटतं, आणि गोळी बंद. डॉक्टरांना न विचारता. त्याच आठवड्यात रात्री दोन वाजता डोळ्यामागची ती कळ पुन्हा हजर.

हा लेख अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. डोस ठरवणं, बदलणं, थांबवणं हे डॉक्टरांचं काम. पण कोणता त्रास घरी सांभाळता येतो, कोणत्यासाठी फोन करायचा आणि कोणत्यासाठी थेट इस्पितळ गाठायचं, एवढं रुग्णाला माहीत असायलाच हवं.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. क्लस्टरचा अटॅक एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे किंवा कानशिलात येतो आणि पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत राहतो. दिवसातून एकदा ते आठ वेळाही येऊ शकतो. त्या बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येतं, पापणी उतरते, नाक चोंदतं. अर्धशिशीचा रुग्ण अंधारात पडून राहतो. क्लस्टरवाला पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. बहुतेकांना हे दुखणं हंगामासारखं येतं: काही आठवडे किंवा महिने रोज अटॅक, मग महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, काहीच नाही. थोड्यांना मात्र मोकळा काळ जवळजवळ मिळतच नाही. वर्षभरात सलग तीन महिनेही सुटका नसेल तर त्याला क्रॉनिक म्हणतात.

आलेला अटॅक मोडायला मास्कमधून ऑक्सिजन आणि सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन असतं. प्रतिबंधक औषधाचं काम वेगळं. अटॅक येऊच नयेत, किंवा कमी यावेत, म्हणून ते रोज घ्यायचं, दुखत नसलं तरी. दुखत नसताना घेतलेल्या गोळीचा त्रास सोसणं मनाला जड जातं, आणि इथेच माणसं हात टेकतात.

या औषधांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जो त्रास रोज जाणवतो तो बहुधा धोक्याचा नसतो, आणि जो धोक्याचा असतो तो बराच काळ जाणवतच नाही. बद्धकोष्ठता जाणवते. ईसीजीतला बदल जाणवत नाही. हातापायाला मुंग्या जाणवतात. रक्तातलं लिथियम हळूहळू वर सरकत असेल तर सुरुवातीला जाणवत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: बद्धकोष्ठतेपायी गोळी सुटते, आणि "बरं वाटतंय की" म्हणून ईसीजी राहून जातो.

वेरापामिलपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची गाठ त्याच्याशीच पडते. भारतात ते 'कॅलाप्टिन' या नावानेही मिळतं. हृदयरोगासाठी देतात त्यापेक्षा क्लस्टरसाठी डोस बराच जास्त लागू शकतो. साधारण ८० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरुवात होते, मग दर दहा-चौदा दिवसांनी ८० मिलिग्रॅमची वाढ. काहींना दिवसाला ९६० मिलिग्रॅमपर्यंत जावं लागतं. इतका डोस पाहून फॅमिली डॉक्टरही चपापतात. त्यात त्यांची चूक नाही, हृदयाच्या कामासाठी एवढं कुणी सहसा देत नाही. म्हणून न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी कायम जवळ ठेवावी.

हे औषध पेशींमध्ये कॅल्शियम जाण्याचे मार्ग अडवतं. हे मार्ग आतड्याच्या स्नायूंतही असतात, म्हणून आतडी सुस्तावतात आणि पोट साफ होत नाही. वेरापामिलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. त्रास सुरू व्हायची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून तयारी ठेवली तर निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे: भरपूर पाणी, जेवणात पालेभाजी, सालासकट फळं, ज्वारी-बाजरीची भाकरी, रोजचं चालणं. इसबगोल घ्यायचं तर पुरेशा पाण्यासोबत, नाहीतर तेच आत घट्ट होऊन बसतं. आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टर लॅक्टुलोज किंवा तत्सम सौम्य रेचक देतात. ते लाजत-बुजत मागायची गरज नाही. जाहिरातीतली जालीम चूर्णं रोज घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण पोट फुगलं, उलट्या होऊ लागल्या, वारासुद्धा सरेना, तर मात्र रेचकावर रेचक न घेता त्याच दिवशी दाखवावं.

संध्याकाळी घोट्यांना सूज येते, चपलेचा पट्टा रुततो. बसताना पाय उंचावर घेतले, अधूनमधून उठून फिरलं की बरं वाटतं. लघवी वाढवणारी गोळी या सुजेवर फारशी लागू पडत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना लागू पडली म्हणून ती आणून घेऊ नये. सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल किंवा सोबत धाप लागत असेल तर ते प्रकरण वेगळं. लगेच डॉक्टरांकडे जावं. काहींच्या हिरड्या हळूहळू फुगतात, दातांवर चढल्यासारख्या दिसतात. दंतवैद्याला आपण वेरापामिल घेतो हे सांगितलं नाही तर तो भलतीकडेच कारण शोधत बसेल.

थकव्याबद्दल थोडी शंका घ्यावी. गोळीने रक्तदाब आणि नाडी उतरते, त्यामुळे थकवा येऊ शकतो, अचानक उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारीही येते. पण क्लस्टरचे अटॅक बऱ्याचदा झोपेत येतात, ठरल्या वेळी, घड्याळ लावल्यासारखे. महिनाभर रात्रीची झोप मोडलेला माणूस गोळीशिवायही थकलेलाच असतो. गोळी लागू पडून अटॅक कमी झाले की तो थकवा उतरतो. म्हणून पहिल्या दहा दिवसांत सगळं खापर गोळीवर फोडू नये.

आता न जाणवणारा भाग. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विजेचा संदेश वेरापामिलमुळे मंदावतो. ईसीजीवर या प्रवासाच्या वेळेला पीआर अंतर म्हणतात. ते ०.२० सेकंदाच्या पुढे गेलं तर पहिल्या पायरीचा हार्ट ब्लॉक. त्या पायरीवर माणसाला काहीच कळत नाही, तो मजेत ऑफिसला जातो. पुढच्या पायऱ्यांवर चक्कर, शुद्ध हरपणं आणि त्याहून वाईटही होऊ शकतं. लंडनच्या डोकेदुखी-तज्ज्ञांनी २००७ साली आपल्या वेरापामिल घेणाऱ्या क्लस्टर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या १०८ जणांचे ईसीजी उपलब्ध होते त्यांतल्या २१ जणांच्या हृदयाच्या तालात बिघाड दिसला, म्हणजे पाचातल्या एकाच्या. शिवाय काहींमध्ये हा बदल डोस वाढवल्याबरोबर दिसला नव्हता, तोच डोस बराच काळ चालू असताना नंतर दिसला होता.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी एक ईसीजी, डोस वाढवताना प्रत्येक टप्प्यावर एक, आणि डोस स्थिर झाल्यावरही साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. ईसीजी दहा मिनिटांत होतो, तालुक्याच्या गावीही होतो, आणि या आजाराच्या एकूण खर्चात तो किरकोळ आहे. डॉक्टर गडबडीत सांगायला विसरले तर आपणच विचारावं, "डॉक्टर, डोस वाढवताय, तर ईसीजी काढून येऊ का?" या एका प्रश्नासाठी मी सगळा लेख वाचायला लावेन.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर सकाळी बसून नाडी आणि दाब लिहून ठेवावा. नाडी सतत पन्नासच्या खाली येऊ लागली तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन करावा. भोवळ येऊन पडणं, छातीत दुखणं, खूप धाप लागणं यासाठी थेट इस्पितळ.

वेरापामिल दुसऱ्या औषधांशी फार भांडतं. आपल्याकडे सगळ्यात मोठी गफलत इथे होते: क्लस्टरला आधी काही वर्षं अर्धशिशी समजलं जातं आणि अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असतं. ते हृदयाची गती कमी करतं, वेरापामिलही तेच करतं, आणि दोन्ही एकत्र झाली तर नाडी धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. जुनी गोळी चालू आहे हे नव्या डॉक्टरांना सांगायला विसरणं म्हणूनच महागात पडतं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालतात ते टिमोलॉल त्याच कुळातलं. थेंब डोळ्यांत घातले तरी थोडं औषध रक्तात उतरतं. घसा बसला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर वेरापामिलचं रक्तातलं प्रमाण वाढतं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो. ग्रेपफ्रूटचा रस टाळायचा असतो. आपल्याकडचं पपनस त्याचंच पूर्वज, तेव्हा कोकणातल्या मंडळींनी तेही लांब ठेवलेलं बरं. दारू हंगामात तशीही अटॅक ओढवून आणते, त्यात वेरापामिलमुळे ती रक्तात जास्त आणि जास्त वेळ राहते. हळूहळू विरघळणारी, एसआर लिहिलेली गोळी चुरडून किंवा चावून घेऊ नये, दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

वेरापामिलचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर रोज अटॅक सोसत बसणं शक्य नसतं, म्हणून मधल्या काळासाठी स्टिरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोन, देतात. जर्मनीतल्या डॉक्टरांनी केलेला याचा व्यवस्थित अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोन, मग दर तीन दिवसांनी २० मिलिग्रॅम कमी. सोबत वेरापामिल सगळ्यांनाच. पहिल्या आठवड्यात स्टिरॉइडवाल्यांना सरासरी सात अटॅक आले, बाकीच्यांना साडेनऊ.

स्टिरॉइड लागू पडतं तेव्हा जादूसारखं पडतं, आणि माझ्या मते त्याचा खरा धोका या जादूतच आहे. पुढच्या हंगामात माणूस जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जातो, गोळ्या मिळतात, डॉक्टरांना पत्ताही नसतो. दोन-अडीच आठवड्यांच्या एका कोर्समध्ये झोप उडणं, भूक खवळणं, छातीत जळजळ, चिडचिड, चेहरा तरारणं असे त्रास होतात आणि ओसरतात. गोळी सकाळी, पोटभर खाऊन घेतली की झोप आणि पोट दोन्ही जरा सांभाळलं जातं. सोबत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी पोटाला आणखी इजा होते. मधुमेह असेल तर साखर सुरुवातीपासूनच मोजायची, विशेषतः दुपारी-संध्याकाळी, कारण सकाळच्या गोळीने साखर तेव्हा चढते. उपाशीपोटीची साखर बघून फसायला होतं. पण कोर्सवर कोर्स होत गेले तर हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खचू शकतं. स्टिरॉइडनंतर जांघेत दुखू लागलं, चालताना लंगडायला झालं तर अंगावर न काढता हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. पूर्वी क्षयरोग झालेला असेल किंवा घरात कुणाला असेल तर कोर्स सुरू व्हायच्या आधीच सांगावं, कारण दबून राहिलेला क्षय स्टिरॉइडने डोकं वर काढू शकतो. कोर्स अर्ध्यावर एकदम सोडू नये, ठरवल्याप्रमाणे उतरवत न्यावा.

काही ठिकाणी गोळ्यांऐवजी डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाशी असलेल्या नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने एक-दोन दिवस ती जागा दुखते, क्वचित तिथले थोडे केस गळतात. बाकी अंगभर होणारे त्रास कमी.

वेरापामिल चाललं नाही, किंवा हृदयामुळे देता येत नसेल, तर लिथियमचा विचार होतो, विशेषतः क्रॉनिक क्लस्टरमध्ये. स्वीडनच्या कार्ल एकबोम यांनी १९७४ मध्ये क्लस्टरवर त्याचा उपयोग पहिल्यांदा नोंदवला. मानसिक आजारावरचं औषध म्हणून ते प्रसिद्ध असल्याने घरी कुजबुज होते. "वेड्यांची गोळी" म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. बीपी नसताना बीपीची गोळी चालते, तर ही का चालू नये?

लिथियमची अडचण अशी की उपयोगाचं प्रमाण आणि विषाचं प्रमाण यांच्यात अंतर फार थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल प्रति लिटर यांच्या दरम्यान ठेवतात, बरेच डॉक्टर खालच्या बाजूला राहणं पसंत करतात. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच मोठा येतो आणि सगळेच घाबरतात. सोबत मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम अधूनमधून तपासावं लागतं.

बोटं किंचित थरथरणं, तहान लागणं, सारखी लघवी होणं, वजन वाढणं हे नेहमीचे त्रास. पातळी ठीक असेल तर ते सोसता येतात, डोसची वेळ बदलूनही कधी फरक पडतो. थरथर ठळक झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जाऊ लागला, बोलताना जीभ जड झाली, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर लिथियम अंगात साठलंय असं समजून गोळी न घेता तातडीने इस्पितळात जावं.

पातळी चढण्याची कारणं आपल्या रोजच्या जगण्यातच असतात. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. विदर्भातला मे महिना, पावसाळ्यातले जुलाब, निर्जळी एकादशी, रोजे, कुणीतरी सुचवलेलं बिनमिठाचं जेवण, या प्रत्येक वेळी धोका वाढतो. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, निदान पाणी तरी सोडू नये. गंमत म्हणजे चहा-कॉफी एकदम बंद केली तरी पातळी वाढू शकते, कारण कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे बाहेर पडत असतं. वजन कमी करायच्या झटक्यात दिवसाचे सहा कप चहा एकदम सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि वेदनाशामकं. डोकं दुखतंय म्हटल्यावर हात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅककडे जातो. क्लस्टरच्या अटॅकवर त्यांचा उपयोग जवळजवळ नाही, पण लिथियमची पातळी मात्र ती वाढवतात. पाठ, दात वगैरे दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या गोळ्याही लिथियम वाढवतात, त्यामुळे कोणतीही नवी गोळी सुरू होताना लिथियमचं नाव पहिल्यांदा सांगायचं.

टोपिरामेट या आणखी एका प्रतिबंधक गोळीने हातापायाला, ओठांभोवती मुंग्या येतात, भूक मरते, आणि ऐन वाक्यात शब्द सापडत नाही. शिक्षक, वकील, कॉल सेंटरवाले यांना हा शेवटचा त्रास असह्य होतो. डोस २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवला तर तो कमी होतो, आणि पेलवत नसेल तर औषध बदलून मागण्यात काही गैर नाही. मूतखडा होऊ शकतो म्हणून पाणी भरपूर प्यायचं. घाम कमी येतो म्हणून उन्हात जपायचं. गर्भाला या औषधाने इजा होऊ शकते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होऊ शकतो, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या बाईने ते सुरू होण्याआधीच हे बोलून घ्यावं.

क्लस्टरवाल्यांची फसगत करणारा याचा एक दुर्मीळ त्रास आहे. औषध सुरू झाल्यावर, बहुधा पहिल्या महिन्यात, डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. डोळा लाल, डोळ्यात दुखणं: क्लस्टरच्या रुग्णाला हे ओळखीचं वाटतं आणि तो ऑक्सिजन लावून बसतो. फरक असा की क्लस्टरचा लालपणा एका बाजूला असतो आणि अटॅकबरोबर जातो. टोपिरामेटचा त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, लांबचं धूसर दिसू लागतं आणि तासांमागून तास तो जात नाही. नजर जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत.

मेलाटोनिनचा त्रास सगळ्यात कमी, फार तर सकाळी झोप रेंगाळते. पण त्याचा उपयोगही सगळ्यांना होत नाही. गॅलकॅनेझुमॅब हे महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ मध्ये हंगामी क्लस्टरसाठी मंजूर झालं. युरोपच्या औषध नियामकाने या वापराला मान्यता दिली नाही. इंजेक्शनच्या जागी दुखणं, लाली आणि बद्धकोष्ठता या त्याच्या ठरलेल्या तक्रारी.

एकेकाळी मेथिसर्जाइड नावाचं औषध क्लस्टरवर फार चांगलं चालायचं. दीर्घकाळ घेतल्यावर काहींच्या पोटात मूत्रपिंडांच्या आसपास, काहींच्या हृदयात आणि फुफ्फुसांभोवती घट्ट तंतू साठू लागले. रुग्णांना काही कळत नव्हतं, डोकेदुखी तर छान थांबलेली असायची. म्हणून दर सहा महिन्यांनी महिनाभर सुट्टी सक्तीची झाली, आणि पुढे ते औषध बाजारातून गेलं. आजच्या औषधांचा न जाणवणारा धोका ईसीजीवर आणि रक्ताच्या तपासणीत वेळेत दिसतो, हे आपलं नशीब.

मनाचीही नोंद घ्यावी लागेल. क्लस्टरच्या हंगामात जीव नकोसा होतो असं रुग्ण उघड बोलतात. त्यात स्टिरॉइडने मन कधी भरकटतं, टोपिरामेटने कधी उदास होतं. असा विचार मनात आला तर ते औषधामुळे की दुखण्यामुळे हा वाद नंतर घालावा. घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावं. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलते.

वहीत रोज दोन ओळी पुरतात: अटॅक किती आणि कधी, गोळी किती, त्रास काय. डोस बदलला ती तारीख ठळक लिहावी. "गोळ्यांनी बरं वाटत नाही" एवढं सांगितलं तर डॉक्टर काय करणार? "४८० वर अटॅक पाचावरून एकावर आले, पण तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही" असं सांगितलं की त्यांना डोस तोच ठेवून रेचक द्यायचा की थोडं खाली यायचं हे ठरवता येतं. रात्रीचेच अटॅक उरले असतील तर डोसची वाटणी बदलून रात्री जास्त देता येतं, हेही वहीवरूनच कळतं.

हंगामी क्लस्टरमध्ये ही औषधं जन्मभराची नसतात. साधारण दोन आठवडे एकही अटॅक आला नाही की डॉक्टर डोस हळूहळू उतरवायला घेतात. उतरवताना अटॅक परतले तर मागच्या पायरीवर जायचं. एकदम बंद करायचं नाही.

सगळे ईसीजी फाइलमध्ये लावून ठेवायचे, पण तो कागद उष्णतेने छापलेला असतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. मिळाल्या दिवशीच मोबाइलवर त्याचा फोटो काढून, तारीख आणि त्या वेळचा डोस लिहून ठेवावा. पुढचा हंगाम दीड वर्षाने आला तर नव्या ईसीजीशी ताडून बघायला डॉक्टरांना तोच लागणार आहे.